हवाईत दिसले ते सगळे आपल्याकडचेच, मग हवाईचे स्वतःचे कुठे आहेत?

गेल्या डिसेंबरात पुण्याहून हवाईला जाऊन आलेल्या एका आईने विचारलं आहे: ओआहू आणि माउई या दोन बेटांवर आम्ही आठवडाभर होतो. हॉटेलच्या हिरवळीवर साळुंक्या, झुडपांत लालबुड्या बुलबुल, होनोलुलूत संध्याकाळी पोपटांचे थवे, रस्ता ओलांडणारं मुंगूस आणि माउईत चक्क चितळांचा कळप दिसला. मुलगी म्हणाली, ‘आई, हे तर सगळं आपल्याकडेच असतं.’ हवाईचे स्वतःचे प्राणी-पक्षी उरले आहेत का? असतील तर कुठे बघायचे? आणि ते टिकतील का?

तुमच्या मुलीची नजर पक्की आहे. तुम्ही नाव घेतलेला एकही प्राणी मूळचा हवाईचा नाही, माणसाने आणून सोडलेले आहेत सगळे. हवाईचे स्वतःचे जीव उरले आहेत, पण समुद्रकिनारा आणि शहर सोडून वर डोंगरात गेल्याशिवाय त्यांतले बहुतेक दिसत नाहीत. मी इथल्या जंगलपक्ष्यांसाठी काम करतो आणि भारतातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याला हाच प्रश्न पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ओळखीच्या मंडळींबद्दल. साळुंकी इथे १८६५ मध्ये आली. कुरणांत आणि शेतांत लष्करी अळीचा उपद्रव होता, तो कमी व्हावा म्हणून विल्यम हिलेब्रँड या वैद्य आणि वनस्पतितज्ज्ञाने ती भारतातून मागवली. मुंगसाचा प्रवास जास्त लांबचा आहे. १८७२ मध्ये कोलकात्याहून काही मुंगुसं जमैकाला नेली गेली, उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला. तिथे ती कामाची वाटली म्हणून १८८३ मध्ये जमैकाहून त्यांची संतती ‘हवाई’ याच नावाच्या सर्वांत मोठ्या बेटावरच्या हामाकुआ भागातल्या मळ्यांत आणली गेली. चितळ १८६८ मध्ये हाँगकाँगहून राजा पाचवा कामेहामेहा याला भेट म्हणून आले आणि मोलोकाई बेटावर सोडले गेले. माउईवर ते १९५९ मध्ये पोहोचले. बुलबुल आणि पोपट अलीकडचे, पाळीव पक्ष्यांच्या व्यापारातून सुटलेले, साधारण १९६० च्या दशकापासूनचे.

तरी तुम्ही हवाईचा मूळचा एकही पक्षी पाहिला नसेल असं मला वाटत नाही. डिसेंबरात होनोलुलूच्या बागांत आणि मैदानांत लांब पायांचा, पाठीवर सोनेरी ठिपके असलेला एक पक्षी दोन पावलं पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. तो कोलेआ, म्हणजे सोन चिखल्या. कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येतो त्याच जातीचा. पण तो कुणी आणलेला नाही. दर वर्षी अलास्कातून तीन-चार दिवस न थांबता समुद्रावरून उडत तो स्वतः इथे येतो आणि एप्रिलच्या शेवटी परत जातो. दुसरा पांढराशुभ्र सुरय, इथलं नाव मानू-ओ-कू. हा भर शहरात, वाहतुकीच्या रस्त्यालगतच्या झाडांवर राहतो. घरटं बांधतच नाही. आडव्या फांदीवर एखादा खळगा किंवा छाटलेल्या फांदीचा सपाट बुंधा बघून तिथे एकच अंडं ठेवतो, आणि पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेच मोठमोठे पंजे घेऊन, फांदी घट्ट धरायला. होनोलुलूत काही झाडांना निळी फीत बांधलेली दिसते. त्या झाडावर सुरयाचं अंडं किंवा पिल्लू आहे, छाटणी करू नका, असा तिचा अर्थ.

आता मूळ मुद्दा. ही बेटं समुद्राच्या तळातून ज्वालामुखीने वर आणली आणि सर्वांत जवळचा खंड सुमारे ३,८०० किलोमीटरवर आहे. ती कधीच कुठल्या जमिनीला जोडलेली नव्हती. त्यामुळे जे उडत, तरंगत किंवा वाऱ्यावर येऊ शकलं तेवढंच पोहोचलं. आज जमिनीवर राहणारा मूळचा सस्तन प्राणी इथे एकच आहे, एक वटवाघूळ. साप नाहीत, सरडे-पाली नाहीत (हॉटेलच्या भिंतीवरची पालही माणसाबरोबर आलेली), बेडूक नाहीत, मुंग्यासुद्धा नाहीत. डासही नव्हते. हे डासांचं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवती आहे.

जे थोडे पोहोचले त्यांनी मात्र कमाल केली. पन्नास ते सत्तर लाख वर्षांपूर्वी आशियाकडून रोझफिंच पक्ष्यांचा एखादा भरकटलेला थवा इथे उतरला असावा. हिवाळ्यात सह्याद्रीत येणारा रोझफिंच त्याच घराण्यातला. त्या एका पूर्वजापासून इथे पन्नासहून अधिक जाती तयार झाल्या. त्यांना हनीक्रीपर म्हणतात, पण मध खाणारे त्यांतले काहीच. चोच पाहिली तर हे एकाच कुटुंबातले आहेत यावर विश्वास बसत नाही. इइवीची चोच लांब आणि कोयत्यासारखी वाकलेली, फुलाच्या नळीत खोल जाणारी. किवीकीऊची चोच पोपटासारखी. तो वाळक्या फांद्या फोडून आतल्या अळ्या काढतो. आकिआपोलाउ या पक्ष्याच्या तर दोन चोची असाव्यात असं वाटतं: खालचा भाग आखूड आणि सरळ, त्याने तो सुतारपक्ष्यासारखं खोड ठोकतो, आणि वरचा भाग लांब व वाकडा, त्याने भोकातली अळी ओढून काढतो. हवाईत सुतारपक्षी कधी पोहोचलाच नाही, ती जागा याने भरली.

माझा स्वतःचा आवडता पालिला. मावना केआ या पर्वताच्या उतारावर मामाने नावाची शेंगा येणारी झाडं आहेत. त्यांचं बी इतकं विषारी की इतर छोटे प्राणी ते खाऊन मरतील. पालिला त्यावरच जगतो. शेंग पायाखाली दाबून धरतो, चोचीने उसवतो आणि हिरवं बी काढून खातो. शिकारीसाठी सोडलेल्या मेंढ्या मामानेची रोपं संपवत होत्या, तेव्हा १९७० च्या दशकाच्या शेवटी या पक्ष्याच्या नावाने न्यायालयात दावा दाखल झाला आणि १९७९ मध्ये निकाल पक्ष्याच्या बाजूने लागला. मेंढ्या हटवण्याचा आदेश निघाला. तरीही आज पालिला त्या एकाच पर्वताच्या एका उतारावर उरला आहे.

चितळ आणि मेंढ्यांचं नुकसान इथे इतकं का होतं, हे आपल्याकडच्या जंगलाची सवय असलेल्यांना चटकन कळत नाही. आपल्याकडे चितळामागे वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्रे आहेत, आणि झाडांनाही काटे, चीक, उग्र वास आहे. हवाईच्या झाडांना लाखो वर्षं चरणाऱ्या सस्तन जनावराचं तोंड माहीतच नव्हतं. अंगाची आग करणाऱ्या नेटलच्या (बिच्छूबुटीच्या) कुळातल्या इथल्या मामाकीला आग करणारे केस नाहीत, पुदिन्याच्या कुळातल्या कित्येक झाडांना वास नाही, रानटी रासबेरीला काटे जेमतेम. असं जंगल चितळाला वाढून ठेवलेलं ताट आहे. मी चितळांचा राग धरत नाही. इथली अनेक कुटुंबं त्यांच्या मांसावर अवलंबून आहेत आणि शिकार हा त्यांचा हक्क मानतात. पण मूळ जंगलाभोवती कुंपण घालून आतली जनावरं काढल्याशिवाय ते जंगल परत उभं राहत नाही, हे कुंपणाच्या आतली आणि बाहेरची जमीन शेजारी शेजारी पाहिली की कुणालाही पटतं. आत नेचे आणि रोपं गुडघाभर, बाहेर उघडी माती.

मुंगसाबद्दल एक समज दुरुस्त करायला हवा. उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा, म्हणून मुंगसाने उंदीर खाल्लेच नाहीत असं सांगितलं जातं. मुंगूस उंदीर खातंच. पण उसातले उंदीर त्याने आटोक्यात आले नाहीत, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची मात्र वाट लागली. नेने हा हवाईचा हंस त्यांतला एक. पूर्वी समुद्र ओलांडून आलेल्या कॅनडा गूजच्या पूर्वजांपासून झालेला, लाव्हाच्या खडकांवर चालून चालून पायांतलं पातळ कातडं कमी झालेला. १९५० च्या सुमारास ते तीसच्या आसपास उरले होते. बंदिस्त पैदास करून, त्यांतले काही इंग्लंडमधल्या स्लिमब्रिजमध्ये वाढवून, हळूहळू परत सोडले. आज तीन हजारांहून अधिक आहेत आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या यादीत त्यांचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी खाली आला. सर्वांत जास्त नेने काउआई बेटावर दिसतात, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे काउआईवर मुंगसांचं बस्तान बसलेलं नाही. तिथे २०१२ मध्ये मुंगूस पकडलं गेलं तेव्हा आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांचीच झोप उडाली होती.

आता डास. १८२६ मध्ये वेलिंग्टन नावाचं जहाज माउईच्या लाहाइना बंदरात आलं. मेक्सिकोत भरलेल्या पिंपांतलं जुनं पाणी त्यांनी इथल्या ओढ्यात ओतलं आणि त्यातल्या अळ्यांतून हवाईचे पहिले डास झाले, अशी नोंद आहे. जात क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस. मुंबई-पुण्याच्या गटारांत वाढतो तोच, हत्तीरोग पसरवणारा. पुढे बाहेरून आलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा हिवताप आला. माणसाला तो होत नाही. बाहेरच्या पक्ष्यांनी लाखो वर्षं या रोगाशी झुंज दिलेली होती. हवाईच्या पक्ष्यांनी डास कधी पाहिलेलाच नव्हता. प्रयोगात इइवीला रोगट डास एकदाच चावू दिला तेव्हा दहांतले नऊ पक्षी मेले. म्हणून तुम्हाला किनाऱ्यावर साळुंकी दिसते आणि इइवी दिसत नाही. सगळा दोष साळुंकीचा नाही. किनाऱ्यालगतची जंगलं तुटली हे खरंच, पण जिथे खालचं जंगल उभं आहे तिथेही ते बऱ्याच ठिकाणी हनीक्रीपरवाचून रिकामं आहे, याला कारण डास.

वर का वाचले? थंडीमुळे. सुमारे १३ अंश सेल्सियसच्या खाली या रोगाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढू शकत नाही, आणि डासही कमी होतात. त्यामुळे साधारण १,५०० मीटरच्या वरचं जंगल आजवर सुरक्षित राहिलं. मात्र तिथेही एक दुवा आहे, जो मी प्रत्येक नव्या मदतनिसाला प्रत्यक्ष दाखवतो. या जंगलात हापूऊ नावाचा वृक्षनेचा आहे, माणसाहून उंच, खोड जाडजूड. त्या खोडाच्या आत पिठूळ गाभा असतो. रानडुक्कर नेचा आडवा पाडतं, सालपट फाडून गाभा खाऊन टाकतं आणि खोडाची लांबट डोणी उरते. पाऊस पडला की ती भरते. वाकून पाहिलं तर तपकिरी पाण्यात डासांच्या अळ्या डोकं खाली, शेपटी वर करून लटकलेल्या दिसतात. सच्छिद्र ज्वालामुखी जमिनीत पाणी कुठेच साठत नाही, पण डुकराने पाडलेल्या नेच्यात साठतं. डुक्कर कमी केलं तर डास कमी होतो, हे पुस्तकात वाचून जेवढं कळत नाही तेवढं त्या एका खोडाने कळतं.

आणि आता ती थंडीची रेषा वर सरकते आहे. माउई आणि हवाई बेटांवर वर जायला थोडी जागा आहे, कारण तिथले पर्वत तीन-चार हजार मीटरचे आहेत. काउआईचं सर्वोच्च शिखरच १,५९८ मीटर. तिथल्या पक्ष्यांना वर जायला डोंगरच उरला नाही. आकिकिकी हा करड्या रंगाचा छोटा पक्षी २०२३ पर्यंत जंगलात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला. जे पक्षी आणि अंडी पकडता आली ती पिंजऱ्यात आणली, आता ती जात तिथेच आहे. माउईवर किवीकीऊ दीडशेच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी. २०१९ मध्ये काही किवीकीऊ हालेआकाला पर्वताच्या दुसऱ्या उतारावर नाकुला इथे हलवले होते, म्हणजे एका रोगाने सगळी वस्ती एकदम जाऊ नये. डास अपेक्षेहून वर पोहोचलेले निघाले आणि त्यांतले बहुतेक पक्षी हिवतापाने गेले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने नामशेष म्हणून संरक्षणाच्या यादीतून काढलेल्या २१ जातींपैकी ८ हवाईचे पक्षी होते. त्यांत काउआईचा ओओ होता, जो १९८७ नंतर कुणी ऐकला नाही आणि ज्याच्याबरोबर पक्ष्यांचं एक अख्खं कुळ संपलं.

टिकतील का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे डासांच्या उत्तरावर अवलंबून आहे, आणि ते उत्तर आता सापडलं आहे असं मला वाटतं. व्होल्बाकिया नावाचा जिवाणू डासांच्या शरीरात नैसर्गिकरीत्या असतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या नर डासांत त्याचा वेगळा वाण असला, तर जंगलातल्या मादीशी मीलन होऊनही तिची अंडी फुटत नाहीत. नर डास चावत नाही, रोग पसरवत नाही. नोव्हेंबर २०२३ पासून पूर्व माउईच्या दुर्गम जंगलात हेलिकॉप्टरमधून असे नर डास आठवड्याआठवड्याने सोडले जात आहेत, पुढच्या वर्षी काउआईवरही सुरुवात झाली, आणि आता ड्रोनही वापरात आले आहेत. सरकारी खाती आणि स्वयंसेवी संस्था मिळून हे काम करतात. डास संपले तर निसर्गाची साखळी तुटेल का, असं मला नेहमी विचारलं जातं. भारतात तो प्रश्न गांभीर्याने घ्यावा लागेल. हवाईत डास येऊन दोनशे वर्षंच झाली आहेत. इथला एकही मूळ जीव त्यांच्यावर जगायला घडलेला नाही. काम खर्चिक आहे आणि थांबवून चालणारं नाही, कारण नर सोडणं थांबलं की डास खालून पुन्हा वर येतात. काउआईच्या काही जातींसाठी उशीर झाला आहे. माउईच्या किवीकीऊ आणि आकोहेकोहे या दोन हनीक्रीपरांसाठी अजून वेळ आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो.

पक्ष्यांपलीकडेही बरंच आहे, पण एकच सांगतो, कारण त्याचाही आपल्याशी संबंध आहे. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत उच्छाद मांडणारी मोठी आफ्रिकन गोगलगाय इथेही पोहोचली. तिला खायला म्हणून १९५५ मध्ये दुसरी एक मांसाहारी गोगलगाय आणली. तिने आफ्रिकन गोगलगाय सोडून हवाईच्या झाडांवरच्या नखाएवढ्या, रंगीत पट्ट्यांच्या मूळ गोगलगायी खाल्ल्या. त्यांतल्या एका जातीचा शेवटचा जीव, जॉर्ज, १ जानेवारी २०१९ रोजी प्रयोगशाळेत मेला.

पुढच्या खेपेला काय करावं ते सांगतो. माउईला गेलात तर हालेआकाला राष्ट्रीय उद्यानात हॉस्मर ग्रोव्ह इथे सकाळी लवकर पोहोचा. उंची सुमारे २,०७० मीटर, गरम कपडे लागतात. शिखरावरचा सूर्योदय बघून उतरताना थांबणं सोयीचं. सुरुवातीची उंच झाडं पाइन आणि निलगिरीची आहेत, विसाव्या शतकाच्या आरंभी वनाधिकारी राल्फ हॉस्मर यांनी लावलेली. तिथे रेंगाळू नका. पायवाट दरीच्या कडेला येते तिथे ओहिया झाडं शोधा. ओहिया जांभळाच्या कुळातलं, लाल तुऱ्यांच्या फुलांचं. तिथे लालभडक आपापाने नक्की दिसेल, पिवळा-हिरवा अमाकिहीही दिसेल. इइवी आधी ऐकू येतो, गंजलेली बिजागरी फिरावी तसा आवाज. मग शेंदरी अंगाचा, काळ्या पंखांचा, नारिंगी वाकड्या चोचीचा पक्षी फांदीवर उलटा लटकून फुलात चोच घालतो. मोबाइलवर त्यांचा आवाज वाजवून बोलावू नका. पक्षी अन्न सोडून भांडायला येतो.

हवाई बेटावर जाणार असाल तर दोन मोठ्या पर्वतांच्या मधल्या रस्त्यालगतची पुऊ ओओ पायवाट इइवीसाठी फार चांगली. जुन्या लाव्हाच्या मधोमध जंगलाचे तुकडे बेटासारखे उरले आहेत, त्यांत पक्षी दाट असतात. ओआहूतच राहणार असाल तर नोव्हेंबर ते जुलैमध्ये काएना पॉइंटला चालत जा. २०११ मध्ये तिथे उंदराचं पिल्लूही आत जाणार नाही असं कुंपण घातलं, आणि आता लेसान अल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी वाटेपासून हाताच्या अंतरावर अंडी उबवतात. त्याच टोकाला कधीकधी मोनक सील वाळूत झोपलेला असतो. जगात ते सुमारे १,६०० आहेत. मेल्यासारखा पडलेला दिसला तरी तो विश्रांती घेत असतो. निदान पंधरा मीटर लांब राहा, पिल्लू बरोबर असेल तर त्याच्या तिप्पट. हिरव्या कासवापासून तीन मीटर.

आणि बुटांचं विसरू नका. २०१४ पासून एका बुरशीमुळे हवाई बेटावरची ओहिया झाडं मोठ्या संख्येने वाळत आहेत. ती मातीबरोबर बुटांतून आणि गाडीच्या चाकांतून पसरते. प्रत्येक जंगलवाटेच्या आधी आणि नंतर ब्रशने तळवे घासून त्यावर ७० टक्के अल्कोहोल फवारा; बऱ्याच वाटांच्या तोंडाशी ब्रश आणि फवारणीची बाटली ठेवलेली असते. एका बेटावर घातलेले बूट दुसऱ्या बेटावर नेण्याआधी हॉटेलवरच पुन्हा एकदा स्वच्छ करा. मुलीला ते काम द्या, मुलं ते मनापासून करतात.